एकट्याचा अल्बम

आयर्लंडमधल्या बेलमुलेटहून सुटलेल्या सकाळच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर मायलेक बसले होते. त्याच्या मांडीवर गिटार होती, तिच्या मांडीवर सोडा ब्रेडचा डबा.

"लोर्कन, माझा आवाज पुसून टाक बाबा. रेकॉर्ड कंपनीवाले म्हणतायत ना?"

"नाही पुसणार."

"अरे, तू स्वयंपाकघरात रेकॉर्डिंग करत होतास, मी बटाटे सोलत होते. तू गायलास आणि माझ्या तोंडून 'शाब्बास, राजा!' निघून गेलं. आपल्याकडं कुणी जीव ओतून गायलं की निघतंच."

"म्हणूनच राहू दे."

"त्यांनी अल्बम काढलाच नाही तर? आधीच बँड मोडून बसलायस."

"तर मी स्वतः काढेन. गिटार घेऊन गावोगाव विकेन."

"म्हणे एकट्याचा अल्बम! आणि मधेच आई ओरडतेय. लोक हसतील."

"बरं, पैज. तेच गाणं आत्ता गातो. तू गप्प राहिलीस तर पुसतो."

"राहीन की! एवढी का मी बडबडी?"

तो हळू आवाजात गाऊ लागला. दलदलीतली, वाळवून चुलीत जाळायची माती कापणाऱ्या बापाचं गाणं होतं. तिनं ओठ घट्ट मिटले, डबा पोटाशी आवळला. शेवटच्या कडव्याला त्यानं सूर वर नेला, तसा पुढून ड्रायव्हर ओरडला, "शाब्बास, राजा!"

"मी नाही हं! मी पैज जिंकले."

"जिंकलीस. पुसू मग?"

तिनं ड्रायव्हरच्या पाठीकडं बघितलं.

"हात तर लावून बघ."