माझ्या वाट्याचे चार टक्के

…अहो, पण शंभराचे तीनशे साठ होतात कसे, एवढंच सांगा मला कुणीतरी! तुम्हाला सांगतो, मी फरश्या बसवणारा माणूस, माझा सगळा जन्म काटकोनात गेला, आणि आठवीतल्या लेकीला वृत्तालेख काढायचा होता, म्हणजे गोलाच्या फाका पाडून कुणाचं किती ते दाखवायचं… विषय काय, तर घरकामाची वाटणी! तो लागणार पालकसभेत, भिंतीवर, चारचौघांत!

आठवडाभर वहीत कामं टिपत होती कार्टी. बरोब्बर शंभर भरली. आईची साठ, आजीची वीस, स्वतःची सोळा… आणि बाबांची? चार! दोनदा दार उघडलं, एकदा बल्ब बदलला, आणि चौथं तिनं दयेपोटी धरलं.

म्हटलं, दे इकडे, कोन मला शिकवू नकोस. कोनमापक घेतला, आईचे साठ अंश, आजीचे वीस, तिचे सोळा, माझे चार. झाले शंभर! बघतो तर काय, निम्म्याहून जास्त वर्तुळ मोकळंच! आता ही एवढी जागा कुणाची? मी म्हटलं, माझी लिही.

लेक कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, अख्खं वर्तुळ तीनशे साठ अंशांचं. दर टक्क्याला तीन पूर्णांक सहा दशांश." अगं, पण शंभराचे तीनशे साठ होतात कसे? तिनं गुणाकार केला आणि माझे चाराचे झाले चौदाच्या वर! मी खूश! तर स्वयंपाकघरातून हिचा आवाज, अगदी थंड, "माझे दोनशे सोळा झालेत."

तरी म्हटलं, वर्तुळ मोठं घेऊ. रंगाच्या बादलीचं झाकण आणलं, ते ठेवून गोल काढला. माझी फाक वाढली हो… पण हिचीही वाढली! वर्तुळ केवढंही घ्या, मी आपला चौदाच! आहे का नाही गंमत? शंभराचे तीनशे साठ होतात, मग चाराचे पाच का होत नाहीत?

शेवटी फाकेत 'बाबा' मावेना. लेकीनं नाव बाहेर लिहिलं आणि आत बाण मारला.

पालकसभेत बाई मला विचारतात, "हे बाहेरचे कोण?"

म्हटलं, "मीच. आत जागा नव्हती."