पाथरीची गाडी

मी हळू बोलतो म्हणून गावात सगळे माझ्या पुढे निघून जातात. पण एकदा मी एका शब्दात सगळ्यांना गाठलं, ते ऐका.

पुतण्याच्या लग्नात कुणीतरी विचारलं, "तात्या, वऱ्हाड कधी निघायचं?" मला काय ठाऊक? मी खांदे उडवले, हात पसरले. तेवढ्यात हॉटेलवाल्या शेषरावनं माझा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. लोक त्याखाली माझ्या तोंडी ओळी लिहायला लागले. "घरात आपलं कोन ऐकतंय?" "म्हातारीला इच्यारून सांगतो."

मी हसून सोडून दिलं. पण पाथरीला सासरी असलेल्या लेकीचा फोन आला.

"बाबा, तुमचा फोटो इथवर आलाय. समदे हसायलेत. मला मान वर करू वाटंना."

मी तडक शेषरावच्या हॉटेलात गेलो. म्हटलं, "माझी बी एक ओळ लिही."

"तात्या, तुमी सांगस्तोवर दिवस मावळंल!" सगळे खिदळले.

"सोनपेठ स्टँडावर कंट्रोलरला इच्यारलं, पाथरीची गाडी कुठं हाय?"

"बरं, मग?"

मी खांदे उडवले, हात पसरले. "यायलीय."

हसता हसता शेषरावच्या हातातला चहा सांडला. त्या स्टँडावर "यायलीय" म्हणजे येतेच आहे, हे ऐकून ताटकळला नाही असा माणूस तिथं नव्हता. शेषरावनं ती ओळ फोटोखाली टाकली अन् ती गावोगाव गेली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आवाज हसरा होता.

"बाबा, मामंजींनी मोबाइलवरचा सोताचा फोटो काढून टाकला अन् तुमचा लावला. म्हणायलेत, आमचे व्याही हायेत!"