दादाच्या जिभेवरचे व्होल्ट

माणसाच्या अंगात किती व्होल्ट असतात रे? मी डॉक्टरांना विचारलं, कंपाउंडरला विचारलं, कुणीच सांगितलं नाही.

आमचा दादा जाऊन महिना झाला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. आजारी पडल्यावर तिथला पीएचचा कागद रोज सकाळी जिभेला लावायचा. हिरवा झाला तर ठीक, पिवळा झाला तर आम्ल वाढलं.

"आम्ल वाढलं की पेशींचं व्होल्टेज उतरतं, असं पुस्तकात आहे," तो म्हणाला.

मी चौथी नापास, पण द्वारका चौकातल्या दुकानात बॅटऱ्या चार्ज करतो. व्होल्टेज म्हटल्यावर मला राहवेना. दुकानातला मीटर घरी आणला. एका तारेला तांब्याची पट्टी, दुसरीला जस्ताची, आणि दोन्ही दादाच्या जिभेवर ठेवल्या. काटा हलला!

"वहिनी, दादात अजून करंट आहे!"

दादा पट्ट्या थुंकून हसला. "गाढवा, हा करंट तुझ्या दोन धातूंचा. लिंबाला लावून बघ."

लिंबावर काटा आणखी वर गेला.

"बघ, माझ्यापेक्षा लिंबू ठणठणीत."

पुढे कागद रोज पिवळाच व्हायला लागला. पिवळा दिसला की दादा दिवसभर काही खायचा नाही. शेवटच्या सकाळी त्याची नजरही धड ठरत नव्हती.

"रंग कोणता रे?"

त्याचा कागद मी मुठीत चुरगळला. पाठ फिरवून दुसरा माझ्या जिभेला लावला आणि त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

"हिरवा, दादा."

"मग आण पेज."

मी त्याला दोन चमचे भरवले.