आहेरात आलेले ब्रेक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विद्यालयाचे मुख्याध्यापक, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती वामनराव पत्की सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या शीलाताई, माझे सहकारी, समोर सतरंजीवर बसलेले आजी-माजी विद्यार्थी आणि पांढरकवड्याच्या नागरिक बंधू-भगिनींनो,

मी रुपाली नगराळे, याच शाळेत विज्ञान शिकवते. सरांबद्दल चार गोड शब्द बोलावेत म्हणून मला उभं केलंय. पण गोड शब्द माझ्याआधीच्या वक्त्यांचे भरपूर बोलून झाले. सर शिस्तीचे, सर प्रेमळ, सरांची भूमिती ऐकावी आणि अक्षर पाहावं. सगळं खरं आहे. मला मात्र आज ब्रेकबद्दल बोलायचंय. हसू नका! उद्या सकाळी सर आणि शीलाताई लेकीकडे, शाल्मलीकडे, कायमचे राहायला हैदराबादला निघालेत. निघालेत ते सरांच्या त्या जुन्या फियाटमधून, आणि त्या फियाटचे ब्रेक या सभागृहात बसलेल्या लोकांनी निवडलेत. म्हणून मी चिडलेली आहे, आणि अध्यक्ष महाराजांनी मला मधेच चिठ्ठी पाठवू नये अशी नम्र विनंती आहे.

झालं असं. सर म्हणाले होते, शाल-श्रीफळ नको. द्यायचंच असेल तर गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवून द्या, महामार्गावर समोर ट्रक थांबला की जुन्या ड्रम ब्रेकवर भरवसा वाटत नाही. किती साधी मागणी! पण यंदाचं वर्ष कसं आहे ते तुम्हाला मी काय सांगू? घराघरात कापूस छताला टेकलाय आणि खरेदी केंद्रावर त्याला कोणी विचारत नाही. तेव्हा निरोप समितीनं ठरवलं, रोख वर्गणी कोणाकडे मागायची नाही. ज्याच्याकडे जुन्या गाडीचा जो भाग असेल, तो त्यानं आहेर म्हणून द्यावा. मी तिथेच विचारलं, "अहो, ब्रेक म्हणजे काय लग्नातली भांडी आहेत?" मला सांगण्यात आलं, "मॅडम, तुम्ही चहाचं बघा."

मग आहेर यायला लागले. आपले खेळाचे शिक्षक सेवादासभाऊ यांनी कॅलिपरची जोडी आणली. कॅलिपर म्हणजे फिरत्या डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरतो तो भाग. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या लखीरामभाऊंनीही जोडी आणली. गाड्या वेगळ्या, एकाचे कॅलिपर मोठे, दुसऱ्याचे लहान. एकाचे घेतले तर दुसऱ्याचा अपमान! समितीनं तोडगा काय काढला? डाव्या चाकाला सेवादासभाऊंचा, उजव्या चाकाला लखीरामभाऊंचा. बैठकीत टाळ्या वाजल्या हो! एका चाकाला जोर जास्त, दुसऱ्याला कमी, म्हणजे ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढणार, हे मी फळ्यावर आकृती काढून दाखवलं. समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "आकृती सुंदर आहे."

आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पायाचा जोर नळीतून चाकापर्यंत पोचवणारा भाग, तो दिला आपल्या मारोतरावांनी. शाळेची घंटा देणारे मारोतराव, ते बघा, दाराशी उभे आहेत. त्यांनी तो स्वतःच्या जीपचा काढून आणला. जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रमवाला मास्टर सिलिंडर पाय उचलल्यावरही नळीत थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं. डिस्कला मुळीच चालत नाही! कॅलिपरमधले पॅड डिस्कवर घासत राहतात, डिस्क तापते, तिच्या उष्णतेनं ब्रेक ऑइल उकळतं आणि मग पेडल सरळ तळाला जातं.

आपल्या गॅरेजवाल्या हिरासिंगला हे ठाऊक नव्हतं का? मागे उभा आहे तो, विचारा त्याला. फिटिंग त्यानंच केलं आणि करताना तो माझ्याहून जास्त ओरडत होता. "मॅडम, डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर सारं एकाच गाडीचं पाह्यजे. इथं तर बारा गावचे पाहुणे एका पंगतीत बसवून राह्यले!" मी म्हटलं, मग बसवतोस कायले? तर म्हणतो, "सरांनी मले शिकवलं जी. सर म्हणे, लाव. नाही कसा म्हणू?"

आणि सर का म्हणाले लाव? कारण आहेर परत केला तर देणाऱ्याचं मन मोडतं. या गावात वाघानं कोणी मरणार नाही, भिडेपायी मरेल!

गेल्या रविवारी चाचणी घेतली. सर चालवत होते, शेजारी शीलाताई, मागे मी. जिनिंग मिलजवळ कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली. जळका वास यायला लागला. मी म्हटलं, सर, थांबवा. सर अगदी शांतपणे म्हणाले, "पेडल नाहीये, रुपाली." गाडी डावीकडे ओढत गेली आणि एका कापसाच्या गाडीत मागून शिरली. वेग कमी होता आणि समोर कापूस होता, एवढ्यावर वाचलो. काचेवर सगळा पांढरा अंधार. वरून तो गाडीवान वाकून म्हणतो, "काहून जी मास्तर, केंद्रावर कोणी घेऊन नाही राह्यलं, म्हणून तुमी घेऊन चालले काय?"

तो हसला, सर हसले. मी हसले नाही. कारण शीलाताईंनी माझा हात धरला होता आणि तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. एवढं होऊनही सरांनी काय केलं? नवं ऑइल भरलं आणि म्हणाले, "हळू चालवीन." काल शीलाताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "घरी ते माझं ऐकत नाहीत. चारचौघांत तू बोल." म्हणून बोलतेय, सर. तुम्ही रागवा, पण जिवंत राहून रागवा.

आहेर परत करणं अपमान, हे मला मान्य. पण देणाऱ्यानंच हक्कानं परत मागितला तर? सेवादासभाऊ, लखीरामभाऊ, जरा उभे राहता? हो, आत्ता. एकमेकांकडे बघू नका, इथे पहिला मान कोणाचा हे ठरवायचं नाहीये. मागताय परत? आभारी आहे. बसा.

मारोतराव, तुम्ही? काय म्हणता? मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही. बरं, मीच सांगते. मारोतराव म्हणतात, "जीप आता उभीच राह्यते मॅडम. कापूसच जाऊन नाही राह्यला त कोठं जाईन ते? सरांच्या गाडीत तिचं काहीतरी फिरन म्हटलं."

हे मला माहीत नव्हतं. मारोतराव, तुमच्यावरचा माझा राग इथेच संपला. बाकीच्यांवरचा आहे तसाच आहे. पण मला एवढंच सांगा, सर उद्या त्या गाडीतून गेले तर...

ऐकलंत? पुरतं बोलूही दिलं नाही त्यांनी. म्हणतात, "काढा जी ते सर. तुमी पोचले पाह्यजे."

सर, आता कोणाची भीड उरली? हे सत्काराचं ताट आहे. शाल-श्रीफळ तुम्हीच नको म्हणालात, म्हणून रिकामं आहे. यात गाडीची किल्ली ठेवा. एकाच गाडीचा अख्खा जोड मिळेपर्यंत फियाट हिरासिंगच्या शेडमध्ये राहील. उद्याच्या हैदराबादच्या एसटीत तुम्हा दोघांची जागा राखून ठेवलीय. ठेवा, सर. खिसे काय चाचपताय?

थांबा. शीलाताई उठल्या. किल्ली त्यांच्याच पर्समध्ये होती!

वाजली ना ताटात? मागच्या रांगेपर्यंत ऐकू आली? झालं तर. माझं भाषण संपलं. अध्यक्षांनी चिठ्ठी न पाठवता मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ शिव्या ऐकून घेतल्या, त्याबद्दल मनापासून आभार. रागाच्या भरात कोणाला अधिक-उणं बोलले असेन, तर पोटात घाला. फक्त ही किल्ली माझ्याकडे कोणी परत मागू नका.