निरंक

सत्यशीला: निरंक? तुमी निरंक लिवलं, साहेब?

डॉक्टर: खाण्याच्या विकारांचे रुग्ण, आपला तालुका. निरंक. जिल्ह्याचा आराखडा आहे, सत्यशीलाबाई. पाचपर्यंत पाठवायचाय.

सत्यशीला: मंग भाईर बाकावर पुनम बसून आहे, ते कोन? दोनदा चक्कर येऊन पडली ह्या हप्त्यात.

डॉक्टर: आशाताई म्हणून तुम्हीच तिला कुपोषणात नोंदवलंय.

सत्यशीला: मीच लिवली! दुसरा रकाना कुठी होता? तुमी पोषणाचे पाकिटं पाठवले, तिनं बकरीले चारले. तीनदा रगत घेऊन सिकलसेल तपासलं. नाई निंगालं. मंग तुमची सिस्टर म्हणे, लगन करून द्या.

डॉक्टर: हा मोठ्या शहरांतला आजार, बाई. आपल्याकडे लोकांना पोटभर—

कमळा: साहेब, माह्या हातची खिचडी शाळेत दीडशे लेकरं खातेत. माह्या घरी अन्न नाई असं कोन म्हणते?

डॉक्टर: तुम्ही पुनमची आई का? तसं नाही म्हटलं मी.

कमळा: दोन घास खाते. मंग न्हानीत जाऊन ओकते. वरून मगानं पाणी ओतत राह्यते, मले आयकू नाई यावं म्हणून.

सत्यशीला: पोलीस भरतीसाठी धावते ते. मास्तरनं मैदानावर सगळ्याईसमोर म्हणलं, पोट घेऊन धावशील का? तवापासून. अन् गाव? टाळ्या वाजवे! पोरगी मेहनती निंगाली म्हणे.

डॉक्टर: निदान मानसोपचारतज्ज्ञानं लिहावं लागतं. त्याशिवाय आकडा धरत नाहीत.

सत्यशीला: तो केव्हा येते?

डॉक्टर: पद रिक्त आहे.

सत्यशीला: काऊन?

डॉक्टर: तालुक्यात रुग्णसंख्या निरंक असल्यामुळे...

सत्यशीला: बोला ना. पुरं करा. डॉक्टर नाई म्हणून रुग्ण नाई, रुग्ण नाई म्हणून डॉक्टर नाई. वा, डॉक्टर अश्वजितभाऊ! गोंडपिपरीच्या मातीतले तुमी, अन् कागदावानी बोलून राह्यले.

डॉक्टर: आवाज खाली! मले का मजा येते निरंक लिवाले? चारदा पद मागितलं मी. चारदा कागद वापस आला!

सत्यशीला: मंग पाचव्यांदा धाडा. आकडा टाकून.

डॉक्टर: ...संशयित म्हणून टाकतो. एक.

कमळा: चार टाका. तिच्यासंग अजून तिघी धावतेत. त्याईचंही तसंच हाय.

डॉक्टर: चार. उद्या मैदानावर येतो मी, त्या मास्तरलेही भेटतो. पुनमले आताच चंद्रपूरले पाठवा लागते. सत्यशीलाबाई, गाडी बोलवा, संग तुमी जा.

सत्यशीला: जातो. पन आधी तो कागद धाडा, माह्यासमोर.

डॉक्टर: धाडला. पाहा. ...कमळाबाई, कधीपासून आहे हे?

कमळा: होळीपासून. रोज पहाटं मीच उठवत होती तिले, साहेब. ऊठ माय, भरती जवळ आली, म्हणून.