वाळूवरची ब्यूक

हॅलो?… हॅलो… हो, रेवदंडा कस्टम चौकी… साहेब नाहीत, अलिबागला गेलेत… मी त्यांची बायको बोलतेय… कुठून? मुंबईहून?… हो, जोडा ना मास्तर, जोडा.

हॅलो?… नूर? नूरबानू, तू?… हो गं, मी तैयबाच. आणखी कोण असणार? शिपाईसुद्धा किनाऱ्यावर गेलाय… रडू नकोस. आधी सांग, घरी सगळे बरे ना?… मुलं?… मग ट्रंककॉल कशाला? या फोनची घंटा वाजली की आता माझे पाय थंड पडतात. मागच्या खेपेला याच नळीतून मी तुला अब्बांचं कळवलं होतं…

कोण सांगत होतं?… तुझ्या मियाँच्या दुकानात? टायर घ्यायला आला होता तो शेठ?… हो. खरं आहे. आपला इसहाक आज शर्यतीत धावतोय. त्या मुंबईच्या शेठशीच.

हो, हो… अगं ऐक ना… मी नाही सांगितलं त्याला? काल सांगितलं, आज सकाळी सांगितलं. म्हटलं, अब्बांचा चाळीसावा दिवस तरी होऊ दे. कुराणखानीची भांडी अजून परत गेली नाहीत, आणि तू गाडी काढतोस? तर म्हणाला, आपा, शर्यत अब्बांनीच कबूल केली होती. शब्द त्यांचा आहे…

अम्मीला?… अम्मीला कसं पाठवू, नूर? ती इद्दतीत आहे. अब्बांच्या मागे चार महिने दहा दिवस दाराबाहेर पाऊल नाही… हो, तिचं ऐकेल, तिचंच ऐकेल, मला ठाऊक आहे. पण ती येणार नाही आणि मी तिला सांगणारही नाही. तिला वाटतंय इसहाक माणगावला स्प्रिंग आणायला गेलाय… खोटं मीच बोलले. हो.

दिसतंय ना, सगळं दिसतंय. खिडकीतून आख्खी वाळूची पुळण दिसते. डावीकडे किल्ल्याच्या भिंतीशी गर्दी आहे, तिथून निघतात. आमच्या चौकीसमोरून जातात, पुढे समुद्राला मिळणारा वहाळ ओलांडतात, आणि पलीकडे लाल निशाण लावलंय त्याला वळसा घालून परत… एक फेरी झाली. आता थांबलेत, पाणी भरतायत गाड्यांत. दुसरी बाकी आहे.

पुढे? इसहाक पुढे होता. हातभर.

काय म्हणतात तुझे मियाँ?… असं? म्हणजे त्यांनी पण पैज लावली की काय?… बरं, बरं, चिडू नकोस. शेठची एमजी चपळ आहे, मान्य. वजन आपल्या गाडीच्या निम्मं नसेल. सुपरचार्जर आहे, तोही मी ऐकला, शिट्टीसारखा वाजतो. डांबरी रस्त्यावर ती ब्यूकला मागे वळूनही बघणार नाही. पण नूर, ही वाळू आहे. तिची चाकं अरुंद, वाळू कापत जातात. आपल्या ब्यूकची रुंद, आणि अब्बा करायचे तशी इसहाकनं चारी टायरांतली हवा उतरवलीय. सहा सिलिंडरांची ताकद कमी वेगातच येते, ओढत नेते. एमजी म्हणजे कोंबडा आणि ब्यूक म्हणजे बैल, असं अब्बाच म्हणायचे ना…

हसलीस? हस. मला नाही हसू येत.

गाडी आता ओळखायची नाहीस तू. हूड अब्बांनीच काढला होता, तुझ्या लग्नाच्या वर्षी. इसहाकनं मडगार्ड काढले, दरवाजे काढले, मागची सीट काढली. पुढची काच नाही. सायलेन्सर नाही. इंजिनाचं हेड भायखळ्याला नेऊन घासून आणलं… मला कसं कळतं म्हणजे? अब्बांना इंग्रजी मासिकं वाचून कोण दाखवायचं? त्यांना कार्बुरेटर हातानं कळायचा, मला कागदावर. इतकी वर्षं मी कादंबऱ्या बाजूला ठेवून पिस्टनच वाचत आले की.

भोंगासुद्धा काढला त्यानं… हो गं, तोच, पितळी, रबराच्या फुग्याचा. वजन होतं म्हणाला. शेडमध्ये ज्या जागी अब्बा पडले ना, पाना हातात घेऊन, तिथेच टाकला होता खाली. मी उचलून आणला. इथेच टेबलावर आहे. चिंच लावून घासला, लखलखतोय… नाही, वाजवला नाही. धीरच होत नाही.

थांब, काहीतरी चाललंय… नाही, नुसतेच बोलतायत. शेठनं पांढरं जाकीट घातलंय, दुरूनही दिसतो.

भीती कसली म्हणतेस? मला वेगाची भीती नाही, नूर. इसहाक गाडी छान हाकतो. अब्बांच्या हाताची आठवण येते, इतकी छान. भीती पाण्याची आहे. तुला आठवतं, अब्बा काठी रोवायचे? गाडी वाळूवर उतरवायच्या आधी पाण्याच्या कडेला बांबू रोवायचे, आणि पाणी काठीपासून लांब जातंय तोवरच धावायचे. पाणी काठीकडे परत फिरलं की कितीही मोठा साहेब शर्यतीला असो, भोंगा वाजायचा. तीनदा. मग सगळ्या गाड्या वर, सुरूच्या झाडांखाली. एकदा कुणी कलेक्टरचा पाहुणा ऐकेना, तर अब्बांनी त्याच्या गाडीची चावीच काढून खिशात घातली होती…

आज काठी नाही. म्हणजे इसहाकनं नाही लावली. त्याला मुंबईकरांपुढे लाज वाटली असेल. सदा आहे ना, सदा कोळी, अब्बांचा… हो, तोच, अजून आहे, म्हातारा झालाय. त्यानं आपली आपणच मघाशी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. तर शेठबरोबरचे लोक हसले म्हणे. म्हणाले, मासे पकडतोस काय?

काय?… भरतीचा छापील कागद आहे शेठकडे? हो, ऐकलंय मी… तू पाहिलास?… बरं. मग काय म्हणतेस ते सावकाश सांग, आवाज तुटतोय… सव्वापाचनंतर पाणी फिरणार, असं छापलंय. हं. आणि सव्वापाचच्या आत शर्यत संपणार. मग ठीक आहे ना… हो, माणूस शिस्तीचा आहे, असेल. काय केलं त्यानं?… तुमच्या दुकानात उभं राहून, टॉवरचे ठोके पडले तेव्हा, मनगटावरचं घड्याळ लावून घेतलं… मिनिटाला मिनिट…

नूर.

नूर, एक मिनिट. तुझ्या दुकानातल्या घड्याळात आता किती वाजले?… नीट बघ… पाच वाजायला अठरा?… नाही, माझं पुढे नाही. हे सरकारी घड्याळ आहे, रोज सकाळी तारेवरून वेळ येते… अगं इथे पाच वाजून गेले. पाच एकवीस झालेत.

नाही, तुझंही बरोबर आहे. दोन्ही बरोबर आहेत! तुमची मुंबई स्वतःच्या वेळेवर चालते. म्युनिसिपालटीचा टॉवर मुंबई टाइम दाखवतो. बाकी सगळीकडे, रेल्वेत, कचेरीत, स्टँडर्ड टाइम. तुमचं घड्याळ मागे आहे, जवळजवळ पाऊण तास… आणि तो छापील कागद सरकारी आहे. स्टँडर्ड टाइमचा. कळतंय का तुला? त्याच्या मनगटावर अजून पाचसुद्धा वाजले नाहीत. तो समजतोय हातात भरपूर वेळ आहे. आणि पाणी… या अल्ला…

पाणी फिरलंय. नूर, सदाची काठी… काठीच्या बुडाला पाणी लागलंय. मी मघापासून बघतेय आणि मला दिसलंच नाही.

नाही, किनाऱ्यावर नाही भरणार एवढ्यात. वहाळ भरेल! समुद्र आधी वहाळात शिरतो. मघाशी घोट्याएवढं होतं म्हणून दोघं उडवत गेले. आता गुडघ्याएवढं होईल आणि वरून दिसायचं तसंच दिसेल, सपाट. त्या वेगानं पुढची चाकं पाण्यावर आदळली तर गाडी उलटते. दरवाजे नाहीत, काच नाही, हूड नाही… आणि पलीकडे गेलेच तर परत यायला वाट नाही, मागे खडक, बाजूला खाजणाचा चिखल…

सदा! सदाबाबा, इकडे! खिडकीशी या!… नूर, तू धरून राहा… काय म्हणता?… हो, मला दिसलं. फिरलंय ना?… मग सांगा जाऊन!… हात केलात? मग?… टोप्या हलवल्या? त्यांना वाटलं तुम्ही शाबासकी देताय… अहो, धावा तरी!… नूर, तो म्हणतो, ‘न्हाय पोचनार गो पोरी, सुटायचा निशान उचललाय त्यांनी.’

निघाले. निघाले, नूर. ऐकू येतंय तुला? हा इथवर येतोय तो आवाज ब्यूकचाच. आणि ती शिट्टी, ती त्याची.

ओरडून काय होणार? सायलेन्सर काढलाय. त्याला स्वतःचं नावसुद्धा ऐकू यायचं नाही…

काय? काय म्हणालीस?… भोंगा. हो. हो, पण तोही कसा ऐकू जाणार, त्या आवाजात… थांब. थांब, मला विचार करू दे.

वहाळाच्या आधी वाळू मऊ आहे. तिथे त्याला तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर यावंच लागतं. मघाशीही आला, चौकीच्या थोडं पुढे. आणि गिअर पाडताना तो अब्बांसारखंच करतो, गॅस सोडून क्षणभर थांबतो, मगच पुन्हा देतो. तेवढा एक क्षण इंजिन गप्प असतं. तेवढाच… हो. तेव्हाच वाजवायला हवा. आधी वाजवला तर फुकट, नंतर वाजवला तर तो पाण्यात.

नाही, मास्तर, तोडू नका! वेळ वाढवा, आणखी वाढवा, पैसे घ्या काय हवे ते, पण आत्ता तोडू नका!… नूर, मी नळी टेबलावर ठेवतेय. तू जाऊ नकोस.

…

सदाबाबा, बाजूला व्हा. खिडकी उघडा, दोन्ही दारं… येऊ दे… येऊ दे… तो पुढे आहे का? इसहाकच पुढे आहे?… अजून नाही. अजून तिसराच आहे. ऐका ना, तिसराच आहे हा… सोड. इसहाक, सोड आता गॅस, राजा, सोड—

पोंऽऽऽ!

पोंऽऽऽ!

पोंऽऽऽ!

…

…हॅलो. हॅलो, नूर?… आहे. मी आहे… थांब, धाप लागलीय… वळला.

वळला गं. पाण्याच्या अगदी तोंडाशी. बरगडीत कुणी काठी मारावी तसं एकदम चाक फिरवलं त्यानं, गाडी दोन चाकांवर गेली, मला वाटलं संपलं… पण नाही. वर गेली. सुरूंच्या खाली उभी आहे. वाफा निघतायत रेडिएटरमधून.

शेठ? शेठ मागेच होता, इसहाकला वळताना पाहून त्यानं ब्रेक दाबले. एमजी रुतलीय वहाळाच्या काठाला, पुढची चाकं पाण्यात. तो उतरलाय. पाणी बघतोय, मग घड्याळ बघतोय. पुन्हा पाणी… सदा गेला दोर घेऊन. ओढतील. आता हसणारे सगळे सदाबाबा सदाबाबा करतायत.

रडतेस का आता? वाचला ना… काय?… तुलाही ऐकू आला? एवढ्या लांब?… हो. अगदी तसाच वाजला. मलाही वाटलं, आपल्या अंगणातच वाजतोय.

इसहाक सीटवर उभा राहिलाय… नाही, चौकीकडे नाही बघत. इकडे तिकडे बघतोय. समुद्राकडे, रस्त्याकडे… कोणी वाजवला ते त्याला कळलंच नाही, नूर. भोंगा माझ्याकडे आहे हेच त्याला ठाऊक नाही. आता खाली बसला. डोकं स्टिअरिंगवर टेकलंय.

जाते, जाते त्याच्याकडे. तुला उद्या पत्र… काय?… आणखी कोणाला ऐकू गेला असेल?

अम्मी.

नूर, घर इथून किती लांब आहे? वारा समुद्राकडून आहे, सरळ घराकडे जातो. संध्याकाळची वेळ… तीनदा वाजला की ती काय करायची, तुला आठवतं ना? अब्बा आता घरी येणार म्हणून ती चुलीवर चहाचं आधण ठेवायची. आणि दाराशी यायची.

नाही, इसहाककडे नंतर. सदा आहे तिथे. मला आधी घरी जायला हवं… भोंगा? भोंगा ओढणीखाली घेते. नाही, नाही, तो तिला दाखवायलाच हवा. नाहीतर ती उंबरा ओलांडेल…

ठेवते. ठेवते मी, नूर. ती दाराशी उभी असेल.