शुक्रवारची बारी

दोह्याच्या दवाखान्यात शशिकला तापानं फणफणलेल्या तान्हीला थोपटत नंबराची वाट बघत बसली होती. समोरच्या बाकावर दोन कामगार बसले होते. एकाच्या कपाळावर भलं मोठं टेंगूळ होतं. ही बाई मराठी असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मच्छिंद्रा, लई दुखतंय का रं?"

"कपाळाचं सोड, शहाजी. अल नस्र भागातल्या दुकानांपाशी चेंडूमागं पोरगं आलं की आडवं! आन पिकअपमागं पाण्याच्या टाकीचा ट्रेलर, काठोकाठ भरल्याला."

"मग?"

"ब्रेक दाबला. वाटलं, आता ट्रेलर ढकलत नेतोय पोरावर. पर त्योबी जागच्या जागी थांबला. तू त्याचाबी ब्रेक संगंच लावणारी डबी बसवली नसतीस तर..."

"तवा शिव्या किती घातल्यास!"

"घालणार न्हाई? शुक्रवारी मटणाची बारी तुझी, आन तू दिसभर डॅशबोर्डाखाली वायरी जोडत उताणा. सगळ्या खोलीनं खुबसाची कोरडी रोटी चावली!"

"अर्थिंगची वायर पार बॅटरीपातूर न्यायची व्हती. तू म्हणत व्हतास, दे ठोकून पत्र्यालाच."

"चुकलं बाबा. हितनं पुढं तुझी बारी मी करीन. जल्मभर."

"नगं! तुझ्या मटणापरीस खुबूस बरा."

शशिकलेचा थोपटणारा हात कधीच थांबला होता.

"भाऊ, त्या पोराला लागलं नाही ना?"

दोघेही गडबडून उभे राहिले.

"न्हाई ताई. चेंडू घिऊन पळालंबी."

"आमचा थोरला तिथंच खेळतो. या शुक्रवारी दोघंही आमच्याकडे जेवायला या. बारी माझी."